आधी पिशवी, मग पातेलं, खताची बादली शेवटी: अन्न वाया न घालवणारं स्वयंपाकघर टप्प्याटप्प्याने कसं बसवायचं

घरातला कचरा कमी करायचा ठरला की बहुतेक घरांत पहिली खरेदी होते ती खताच्या बादलीची. दोन आठवडे सगळे उत्साहाने साली टाकतात. मग चिलटं येतात, मग वास, आणि महिन्याभरात बादली गच्चीच्या कोपऱ्यात उलटी पडते. असं होतं कारण सुरुवातच शेवटच्या पायरीपासून झालेली असते. त्या बादलीत सालींबरोबर पिवळी पडलेली मेथी, विटलेली आमटी आणि चार दिवसांचा भातही जात असतो. शिजलेलं, आंबलेलं, पाणी सुटलेलं अन्न नवी बादली पचवू शकत नाही. ते बादलीपर्यंत पोहोचायलाच नको होतं.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतीय घरांत माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जात असल्याचा अंदाज दिला आहे. त्यात साली-बियाही धरल्या आहेत. चार माणसांच्या घराला तो लावला, तर आठवड्याला चार किलोंच्या वर होतं. हा आकडा खाली आणायचा तर क्रम असा: आधी नोंद, मग फ्रिज, मग खरेदी, साठवण, स्वयंपाकाचं माप, उरलेल्याचा वापर, आणि या सगळ्यानंतर खत.

पुढचे टप्पे शहरातलं चार जणांचं घर डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत: एक फ्रिज, जवळपास मंडई किंवा भाजीवाला, एखादी बाल्कनी. एका टप्प्याला निदान एक आठवडा द्या. दोन टप्पे एकदम सुरू करू नका.

टप्पा १ : आठवडाभर फक्त लिहा

एक छोटी वही आणि दोरीला बांधलेलं पेन कचऱ्याच्या डब्याजवळ टांगा. खाण्यासारखं काहीही टाकलं की तीन गोष्टी लिहायच्या: काय टाकलं, साधारण किती, आणि का. वजन करत बसू नका. "भात, एक वाटी", "कोथिंबीर, अर्धी जुडी" एवढं पुरे. साली, देठ, चहाचा चोथा लिहायचा नाही.

"का" या रकान्यात चारच उत्तरं चालतील:

1. जास्त आणलं होतं.
2. नीट ठेवलं नाही.
3. जास्त शिजवलं.
4. आहे हे विसरलो.

पुढचे सगळे टप्पे या चार उत्तरांवर उभे आहेत, त्यामुळे "खराब झालं" असं लिहिलेलं चालणार नाही. मेथी खराब झाली ती तीन जुड्या आणल्या म्हणून, की ओलीच फ्रिजमध्ये कोंबली म्हणून, हे लिहायचं.

या आठवड्यात सवयी बदलू नका. वही लावली की माणसं लगेच शहाण्यासारखी वागू लागतात आणि नोंद निरुपयोगी होते. मुलांचे परत आलेले डबेही लिहा. घरी कामाला मावशी येत असतील तर त्यांना विचारा. खरकटं त्या काढतात, त्यामुळे रोज काय उरतं हे घरातल्यांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.

*इशारा:* ही वही घरातल्या बाईच्या स्वयंपाकाची परीक्षा होऊ देऊ नका. जो टाकेल तो लिहील, हा नियम पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर ठरवा. जिथे नोंद एकीच्या गळ्यात पडते तिथे ती चार दिवसांत बंद होते, आणि ते योग्यच आहे.

*तपासा:* आठवड्याअखेरीस सर्वांत जास्त वेळा आलेल्या तीन वस्तूंखाली रेघ मारा. बहुतेक घरांत कोथिंबीर किंवा पालेभाजी, भात किंवा पोळ्या, आणि ब्रेड किंवा फळं अशी नावं येतात. पुढचे दोन महिने त्या तीनच वस्तूंच्या मागे लागायचं आहे. सगळं एकदम सुधारायला गेलात तर काहीच टिकणार नाही. वही मात्र पुढेही चालू ठेवा.

टप्पा २ : फ्रिज दिसेल असा लावा

"विसरलो" या उत्तराचं कारण बहुतेक वेळा भांडी असतात. स्टीलच्या झाकणबंद डब्यात काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही, आणि मागच्या रांगेतला डबा कुणी उघडत नाही.

1. फ्रिज पूर्ण रिकामा करा, पुसा, आणि ज्याची आशा उरलेली नाही ते काढून टाका.
2. नजरेच्या उंचीचा एक कप्पा "आधी संपवा" म्हणून राखून ठेवा. उरलेली भाजी, अर्धा टोमॅटो, उघडलेलं दही, अर्धा नारळ, सगळं इथेच. दुसरीकडे कुठेही नाही.
3. उरलेलं अन्न जॅमच्या, लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरण्यांत ठेवा. गरम अन्न काचेत ओतू नका.
4. मोठ्या पातेल्यात तळाला दोन डाव आमटी, अशी पातेली फ्रिजमध्ये जाऊ देऊ नका. लहान भांड्यात काढली की जागाही वाचते आणि ती संपतेही.
5. दूध दारात ठेवू नका. दार सारखं उघडतं, तिथे गारवा सर्वांत कमी टिकतो. दार लोणची, सॉस, पाण्याच्या बाटल्यांसाठी.

फ्रिज खच्चून भरला की आत गार हवा फिरत नाही आणि कोपऱ्यातलं अन्न लवकर विटतं. आतलं तापमान ५ अंश सेल्सियसच्या खाली हवं.

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची सवय. रात्री कडधान्य भिजत घालताना किंवा विरजण लावताना फ्रिज उघडून "आधी संपवा" कप्पा बघायचा आणि उद्याची भाजी तिथेच ठरवायची. सकाळी घाईत ठरवलं की हात ताज्या भाजीकडे जातो आणि जुनी आणखी एक दिवस मागे पडते. हे काम आधीच्या रोजच्या कामाला जोडलेलं असल्यामुळे वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही. बाकी काही जमलं नाही तरी एवढं सोडू नका.

टप्पा ३ : पिशवी घेऊन निघण्यापूर्वी

यादी करायची ती काय हवं याची नंतर, काय आहे याची आधी. फ्रिज, कांदे-बटाट्याची टोपली आणि डब्यांचं कपाट बघून मगच लिहायला बसा.

आठवडाभराची भाजी एकदम आणू नका. सुट्टीच्या दिवशी मोठी खरेदी करून मोकळं व्हायची पद्धत पालेभाजीला मानवत नाही. चार दिवसांचा हिशेब धरा आणि आठवड्यातून दोन फेऱ्या करा. आणलेली भाजी वापरण्याचा क्रम ठरलेला असू द्या:

- पहिल्या दोन दिवसांत मेथी, पालक, शेपू, चवळी, अळू.
- त्यानंतर भेंडी, गवार, वांगी, दोडका.
- शेवटी फ्लॉवर, कोबी, दुधी, लाल भोपळा.
- फेरीच्या आदल्या दिवशी मटकी, मसूर किंवा वाल. भाजी संपलेली असते आणि कडधान्य डब्यात बसून वाट पाहतं.

एका फेरीत दोनपेक्षा जास्त पालेभाज्यांच्या जुड्या नकोत. संध्याकाळी भाजीवाला उरलेल्या जुड्या निम्म्या भावात देतो, तेव्हा हा नियम हमखास मोडतो. ती भाजी त्याच रात्री निवडून दुसऱ्या दिवशी शिजणार असेल तरच घ्या.

हंगामाकडे लक्ष ठेवलं की भाजी ताजी मिळते, टिकते आणि लांबून आणावी लागत नाही. पावसाळ्यात पालेभाजी चिखलाने भरलेली येते आणि दुसऱ्याच दिवशी सडते. तेव्हा दोडका, पडवळ, कर्टुली, भोपळा घ्या. जून-जुलैत मुंबई, ठाणे, पुण्याच्या बाजारात आदिवासी बाया टाकळा, फोडशी, शेवळं घेऊन बसतात. या रानभाज्या जरूर घ्या, पण निवडायच्या आणि शिजवायच्या कशा हे त्या बायांनाच विचारून. शेवळं नीट केली नाहीत तर घशाला खाजतात, आणि एकदा खाजली की उरलेली जुडी कचऱ्यात जाते. हिवाळ्यात मटार, गाजर, मुळा, पावटा मोकळ्या हाताने आणावं. सोललेले मटार उकळत्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं बुडवून, गार करून, निथळून फ्रीझरमध्ये ठेवले की महिनोन्‌महिने राहतात. उन्हाळ्यात पालेभाजी बाजारातच मलूल झालेली असते. तो काळ गवार, काकडी, शेवगा, फणस आणि कडधान्यांचा.

मासे खाणाऱ्या घरांसाठी: जून-जुलै हे दोन महिने महाराष्ट्रात आणि गोव्यात यांत्रिक मासेमारी बंद असते, कारण तो बऱ्याच माशांच्या विणीचा काळ. तेव्हा मे महिन्यात भरलेलं सुकट, जवळा, सुके बोंबील काढावेत. एरवीही तळहातापेक्षा लहान पापलेटं स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. वाढ पूर्ण होण्याआधीच पकडलेला मासा घेत राहिलो तर पुढच्या वर्षी मोठा मिळणार नाही. पापलेटाला २०२३ मध्ये राज्यमाशाचा मान दिला तो त्याचा साठा घटत चालला म्हणूनच.

धान्याबाबत एक अप्रिय गोष्ट स्पष्ट सांगते. वर्षाचं धान्य उन्हाळ्यात भरण्याची पद्धत मोठ्या कुटुंबाला, वाळवायला अंगण असलेल्या घराला शोभते. चार माणसं, त्यांतली दोन दुपारी बाहेर जेवणारी, आणि सूर्य न दिसणारा फ्लॅट, अशा घरात वर्षाच्या गव्हाला टोके आणि तांदळाला सोंडे होतात. दोन-तीन महिन्यांचं भरा. पीठ तर आणखी कमी दळून आणा. बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडवट व्हायला लागतं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना तडकते, आणि मग घरात "आपल्याला भाकरी जमत नाही" असा चुकीचा निष्कर्ष निघतो. ज्वारी, बाजरी, नाचणी कमी पाण्यावर येतात. आठवड्यात तीन-चार वेळा त्यांची भाकरी व्हावी असं वाटत असेल तर पीठ ताजं ठेवणं ही पहिली अट आहे.

*तपासा:* कापडी पिशव्या कुठे आहेत? स्वयंपाकघरात घडी घालून ठेवल्या असतील तर त्या बाजारात पोहोचणार नाहीत. दोन गाडीच्या डिकीत, एक ऑफिसच्या बॅगेत, दोन दारामागच्या खिळ्याला. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, तरी पातळ पिशवी हातात येतेच. मासे-मटणासाठी झाकणाचा डबा घेऊन जा. विक्रेते आनंदाने त्यात देतात.

टप्पा ४ : भाजी आणल्यावरचा अर्धा तास

घरातली भाजी टिकते की सडते हे याच अर्ध्या तासात ठरतं. हा वेळ बाजारहाटाचाच भाग धरा. पिशवी तशीच फ्रिजमध्ये ढकलून "उद्या निवडू" म्हटलं की नुकसान झालंच.

1. आधी पसरा, धुऊ नका. भाजीवाल्याने मारलेलं पाणी वाळू द्या. जुड्यांचे दोरे, रबर लगेच काढा. दोऱ्याखालचे देठ सर्वांत आधी कुजतात.
2. कुजलेलं पान वेगळं काढा. एक चिकट पान सगळी जुडी घेऊन जातं.
3. पालेभाजी कोरडी करून सुती फडक्यात किंवा जुन्या धोतराच्या तुकड्यात सैल गुंडाळा. धुवायची ती चिरायच्या आधी.
4. कोथिंबीर: मुळं कापा, पिवळी पानं काढा, डब्याच्या तळाशी आणि वर कोरडं फडकं घालून ठेवा. फडकं दमट झालं की बदला. पानं एकेक खुडून ठेवू नका, देठांसह ती जास्त टिकते.
5. हिरव्या मिरच्यांचे देठ काढून ठेवा. कुजायला तिथूनच सुरुवात होते.
6. कांदे आणि बटाटे वेगळ्या टोपल्यांत, फ्रिजबाहेर, अंधाऱ्या आणि वाऱ्याच्या जागी. एकत्र ठेवले की बटाट्यांना लवकर मोड येतात.
7. केळी इतर फळांपासून लांब. पिकताना त्यांतून सुटणारा इथिलीन वायू शेजारच्या फळांनाही घाईने पिकवतो. कच्चा आंबा किंवा चिकू पिकवायचा असेल तर मात्र मुद्दाम शेजारी ठेवा.
8. नारळ फोडल्यावर डोळ्यांकडची वाटी आधी वापरा, ती लवकर खराब होते.

प्लास्टिक पिशवीत ओली भाजी कोंबणं ही सगळ्या चुकांची राणी आहे. पिशवीच्या आत पाणी सुटतं, तेच पाणी पानांवर बसतं, आणि तिसऱ्या दिवशी हाताला चिकट लगदा लागतो. एवढी एक चूक थांबली तरी पुढच्या आठवड्याच्या वहीत फरक दिसेल.

*तपासा:* निवडलेल्या पालेभाजीचे कोवळे देठ कचऱ्यात गेले का? मेथीचे, पालकाचे कोवळे देठ भाजीतच चिरायचे. कोथिंबिरीचे देठ वाटणासाठी वेगळ्या डबीत.

टप्पा ५ : मापाने शिजवा

"अंदाजाने" केलेला स्वयंपाक बहुधा जास्तीच होतो, कारण कमी पडण्याची भीती मोठी असते. त्या भीतीला तोड काढली की माप आपोआप खाली येतं.

तांदळाच्या डब्यात एकच वाटी कायमची ठेवा. एक वाटी तांदळाचा साधारण तीन वाट्या भात होतो. आठवडाभर बघा: तुमच्या घरात खरंच किती वाट्या संपतो? तेवढाच लावा. कणकेचंही तसंच. आमटीच्या वाटीने एक वाटी कणकेच्या मध्यम आकाराच्या चार-पाच पोळ्या होतात. पोळ्या मोजून लाटा. शंका असेल तर जास्तीचा गोळा ठेवा, जास्तीच्या पोळ्या नको. उरलेला गोळा तेलाचा हात लावून फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवशीपर्यंत चालतो, आणि ताजी पोळी कुणी नाकारत नाही.

डाळ साधी शिजवा आणि लागेल तेवढीच बाजूला काढून फोडणीला टाका. साध्या डाळीचं संध्याकाळी वरण, आमटी किंवा डाळ-पालक काहीही होतं. चिंच-गूळ घालून केलेली आमटी मात्र आमटीच राहते.

स्वयंपाकाला लागण्याआधी एक प्रश्न रोज विचारायचा: "रात्री घरी जेवायला कोण कोण?" दुपारी चारला कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर तो जाऊ द्या. ज्याने उत्तर दिलं नाही त्याला धरायचं नाही. दोनदा तसं झालं की उत्तरं वेळेवर येतात.

आणि अचानक पाहुणे आले तर? बेसन, पोहे, अंडी, पापड घरात ठेवा. पिठलं दहा मिनिटांत होतं. ही सोय हाताशी आहे हे मनाला पटलं, की रोज दोन माणसांचं जास्तीचं शिजवून ठेवण्याची गरज उरत नाही.

*इशारा:* ताट वाढताना आग्रह करू नका. मुलांना अर्धी वाटी भाजी, अर्धी पोळी वाढा आणि पुन्हा मागू द्या. पातेल्यात उरलेलं उद्या खाता येतं, ताटात उरलेलं येत नाही.

टप्पा ६ : उरलंच तर

वेळेचा नियम आधी, पाककृती नंतर. शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. भाताबाबत जास्त काटेकोर राहा. बाहेर राहिलेल्या भातात वाढणाऱ्या काही जिवाणूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात फोडणीला टाकून वाचत नाही. फ्रिजमधलं उरलेलं दुसऱ्या दिवशी संपवा, आणि खाण्यापुरतंच, एकदाच, चांगलं वाफाळेपर्यंत गरम करा.

पोळ्यांचा कुस्करा आणि फोडणीचा भात सगळ्यांना येतो. वरण उरलं की त्यात वरणफळं सोडा. कोरडी भाजी, कोशिंबिरीचा किसलेला भाग, घट्ट डाळ हे सगळं भाजणीत किंवा ज्वारीच्या पिठात मळून थालीपीठ लावा. माझ्या मते उरलेल्या अन्नासाठी याहून चांगला पदार्थ आपल्याकडे नाही. दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी, दुधीच्या सालींची चटणी, मुळ्याचा आणि फ्लॉवरचा कोवळा पाला पीठ पेरून, कोबीचा दांडा किसून कोशिंबिरीत, कलिंगडाच्या सालीचा पांढरा भाग किसून थालीपिठात, फणसाच्या आठळ्या उकडून आमटीत. दूध नासलं तर गाळून पनीर करा आणि खालच्या पाण्यात कणीक भिजवा.

मात्र अन्न वाचवायच्या नादात पुढच्या गोष्टी कधीही वाचवू नका:

- कडू दुधी. चिरल्यावर लहान तुकडा चाखा. कडू लागला तर थुंका आणि सगळा दुधी टाका, त्याचा रस तर चुकूनही पिऊ नका. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत.
- हिरवा पडलेला बटाटा. थोडा हिरवा असेल तर तो भाग आणि मोड खोल कापून काढा, बराच असेल तर टाका.
- बुरशी आलेले शेंगदाणे, मका, खोबरं. भाजून किंवा वाळवून बुरशीचं विष जात नाही.
- बुरशी आलेला ब्रेड. दिसणारा ठिपका काढला तरी आतली बुरशी राहते.

पाकिटावरच्या तारखाही नीट वाचा. "बेस्ट बिफोर" ही तारीख चव आणि दर्जाची असते. ती उलटली म्हणून बंद पाकिटातली कोरडी बिस्किटं किंवा पोहे लगेच टाकायची गरज नाही, वास आणि चव बघा. "एक्सपायरी" किंवा "यूज बाय" उलटलं असेल तर मात्र टाकायचं.

टप्पा ७ : सुका कचरा

हा टप्पा सोपा आहे. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा देणं २०१६ च्या घनकचरा नियमांनी बंधनकारक केलं. अडतं ते एकाच ठिकाणी: सुका कचरा खरकटा असतो. दुधाची पिशवी विसळून, उलटी टांगून वाळवा, आणि कापताना कोपऱ्याचा तुकडा पिशवीला चिकटलेलाच राहू द्या. सुटा झालेला तो चिमुकला तुकडा कुणी वेचू शकत नाही. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक ताईंना हा कचरा हातांनी वेगळा करावा लागू नये म्हणून ही खूण रूढ झाली, आणि ती कुठल्याही गावात वापरण्यासारखी आहे. तळणीचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका, कागदाने किंवा भुशाने टिपून घ्या.

टप्पा ८ : आता बादली आणा

वहीतली शिजलेल्या अन्नाची नोंद आठवड्याला दोन-तीन ओळींवर आली की खत सुरू करा. त्याआधी नको.

तयारी. झाकणाच्या वीस-पंचवीस लिटरच्या दोन बादल्या. तळाला आणि बाजूंना भोकं, खाली दोन विटा, विटांमध्ये ताट. आणि बादलीपेक्षाही महत्त्वाचं: कोरड्या पाल्याचं एक भरलेलं पोतं. बहुतेकांचं खत फसतं ते या पोत्याशिवाय सुरू केल्यामुळे. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये सोसायटीत झाडून जाळला जाणारा पाला मागून घ्या, वर्षभर पुरतो. तो नसेल तर लाकडाचा भुसा किंवा कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा.

क्रम.

1. तळाला चार बोटं जाडीचा कोरडा पाला. त्यावर दोन मुठी जुनं खत किंवा बागेतली माती. हेच विरजण. ते नसेल तर वाटीभर आंबट ताक शिंपडा.
2. साली बारीक चिरून, पाणी निथळून टाका. चहाचा चोथा आपल्याकडे दूध-साखरेचा असतो, तो धुऊन घाला, नाहीतर मुंग्या लागतात.
3. जेवढा ओला तेवढा, किंवा थोडा जास्तच, कोरडा पाला वर. ओला कचरा कधीही उघडा दिसता कामा नये.
4. आठवड्यातून दोनदा काठीने तळापासून हलवा.
5. भरली की झाका, दुसरी बादली सुरू करा. पहिली पाच-सहा आठवडे मुरू द्या, मधूनमधून हलवत.

पहिले दोन महिने शिजलेलं, तेलकट, दुधाचं, मांस-मासळी अजिबात नको. लिंबू-संत्र्याच्या साली थोड्याच. करवंट्या, आंब्याच्या कोयी, कणसाचे दांडे वर्षभरात कुजत नाहीत, ते बाजूला ठेवा. निर्माल्यातला दोरा आणि चमकी काढल्याशिवाय फुलं घालू नका.

*तपासा:* मूठभर मिश्रण हातात दाबा. ते घट्ट पिळलेल्या फडक्याइतकं ओलसर लागायला हवं. बोटांतून पाणी टपकलं तर पाला वाढवा, भुगा होऊन सुटलं तर पाण्याचा हबका मारा.

बिघाड आणि उपाय. वास येतो तो हवा कमी आणि पाणी जास्त झाल्यावर. दुप्पट पाला घाला, रोज हलवा, चार-पाच दिवस नवीन काही टाकू नका. चिलटं दिसली तर वरचा पाल्याचा थर पातळ आहे. पांढरी बुरशी चांगली खूण आहे. जाड, मळकट पांढऱ्या अळ्या बघून लोक घाबरतात आणि सगळी बादली रिकामी करतात. त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय माशीच्या असतात. चावत नाहीत, घरात पसरत नाहीत, आणि कचरा भराभर संपवतात. राहू द्या, झाकण नीट लावा. ताटात साठलेलं पाणी थेट कुंडीत घालू नका. दहापट साधं पाणी मिसळून घाला किंवा कोरड्या पाल्याच्या पोत्यावर शिंपडा.

खत तयार झालं की काळपट, भुसभुशीत दिसतं, पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीसारखा वास येतो आणि हाताला ऊब लागत नाही. चाळा, वरचा जाडा भाग नव्या बादलीत विरजण म्हणून टाका. मोठ्या कुंडीला महिन्याला दोन मुठी पुरतात. अर्धवट कुजलेलं घातलं तर रोपाची मुळं जळतात.

पावसाळ्यात बादली आत ओढा, पाल्याचं पोतं वर टांगून कोरडं ठेवा, आणि ओल्याच्या दीडपट पाला घाला. गणपतीला गावी आठ-दहा दिवस जाणार असाल तर निघण्याच्या दोन दिवस आधी नवीन टाकणं थांबवा, नीट हलवा, वर चार बोटं पाला पसरा आणि झाकण सैल ठेवा. परत आल्यावर आधी हलवा, हात लावून ओल बघा, मग साली टाकायला सुरुवात करा.